अभियांत्रिकीच्या चार वर्षांची आखणी
(समाजाच्या गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आज ज्यांचा सत्कार झाला, त्यांत अभियांत्रिकीस प्रवेश मिळालेली मुलेमुली पुष्कळ आहेत. त्यांना चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही आणि यंत्रशास्त्रात आम्हांस गती नाही. परंतु शाळेचे वेळापत्रक आखण्यात आमचा जन्म गेला, आणि ही मुले पुढे अडतात ती बहुधा वेळापत्रकातच.

प्रथम हिशेब पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी 160 श्रेयांक धरले आहेत. मुले ज्यास ‘क्रेडिट’ म्हणतात तेच हे. आठ सत्रांत सरासरी 20 येतात. आठवड्यास एक तास व्याख्यान ऐकले की एक श्रेयांक पडतो. प्रयोगशाळेत मात्र एका श्रेयांकासाठी दोन तास द्यावे लागतात. म्हणजे 14 श्रेयांक व्याख्यानांचे आणि 6 प्रयोगांचे असतील, तर आठवड्याचे 26 तास महाविद्यालयातच गेले. प्रयोगवह्या, अभ्यास आणि लोकलचा किंवा एस.टी.चा प्रवास यांहून निराळे. दोन सत्रांचे श्रेयांक सारखे दिसले तरी ओझे सारखे नसते, ते यामुळे. हे तास कागदावर मांडल्यावाचून ऐच्छिक विषय घेऊ नये. मित्राने घेतला म्हणून आपणही घेतला, यास निवड म्हणता येत नाही.

त्याच अभ्यासक्रमात ‘ऑनर्स’ अथवा ‘मायनर’ यांसाठी आणखी 20 श्रेयांकांची सोय होती. ज्याच्या मागे ए.टी.के.टी. लागली आहे, त्याने त्या वाटेस जाऊ नये. पहिल्या वर्षी राहिलेले गणित तिसऱ्या वर्षाच्या चार विषयांत आडवे येते.

आता प्रकल्पाविषयी. आम्ही खरे तर त्याचसाठी उभे राहिलो आहोत. शेवटच्या वर्षी तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून एखादे काम स्वतंत्रपणे उभे करावयाचे असते. परंतु त्याच सुमारास नोकरीच्या मुलाखती सुरू होतात, विषय सुचत नाही, आणि दिवस भराभर निघून जातात. मग पावले दुकानाकडे वळतात. होय, शहरांतून तयार प्रकल्पांची दुकाने आहेत. पैसे मोजले की यंत्र मिळते, बांधलेला अहवाल मिळतो, तोंडी परीक्षेत कोणती उत्तरे द्यावीत तेही शिकवून मिळते. ज्या बापाने शेताचा तुकडा गहाण ठेवून फी भरली, त्याच्याच पैशाने हा व्यवहार होतो आणि त्यास त्याचा पत्ताही नसतो. पुढे मुलाखतीत एखाद्याने विचारले की, ‘हीच जोडणी येथे का केली?’, तर मुलगा खाली पाहतो.

यास उपाय एकच. प्रकल्पाचे बी दुसऱ्या वर्षी पेरावे. समजा, एखाद्याच्या घरी कांद्याची चाळ आहे. उन्हाळी कांदा चाळीत भरतात. पावसाळी हवेत ढिगाच्या पोटात सड सुरू होते आणि बाहेर वास येईपर्यंत बराच माल हातचा गेलेला असतो. दुसऱ्या वर्षी या मुलाने काहीही बनवू नये. एक साधा तापमापक ढिगात निरनिराळ्या जागी ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद करावी; महाविद्यालय उघडल्यावर धाकट्या बहिणीने ती चालू ठेवावी. तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडताना ही वही समोर असावी. मग मापनयंत्रांचा विषय घ्यावा की संख्याशास्त्राचा, हे कोणास विचारावे लागत नाही. उष्णता आणि आर्द्रता मोजणारा संवेदक काही शे रुपयांत मिळतो. त्याचे आकडे वहीतल्या आकड्यांशी का जुळत नाहीत, हे शोधण्यात एक सत्र सुखाने जाईल. चौथ्या वर्षी यंत्र बांधावयाचे ते एवढ्या तयारीनिशी. ते बिघडले तरी अहवाल लिहिता येतो, कारण का बिघडले ते सांगण्यासारखे हाताशी असते. आमच्या मते परीक्षकाने गुण द्यावेत ते यासच.

सर विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी. पाणी ठराविक पातळीस पोहोचताच आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे खडकवासल्यास 1903 साली बसले, तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची जवळजवळ वीस वर्षे झाली होती. आमच्या मुलांना एवढा अवधी नाही; म्हणूनच दुसऱ्या वर्षाचा आग्रह.

मातापित्यांसही एक विनंती आहे. मुलगा प्रयोगशाळेत रात्री आठपर्यंत थांबला तर आपण त्यास कष्टाळू म्हणतो, आणि मुलगी थांबली तर दूरध्वनीवर दूरध्वनी करतो. मग तिच्या वाट्यास अहवाल लिहिण्याचे काम येते आणि यंत्रास हात लावतात ती मुले. परतीच्या सोबतीची व्यवस्था करा, पण तिला तेथून उठवू नका.

कार्यकारी मंडळासमोर एक सूचना ठेवतो. आपल्या वसतिगृहातील मागची खोली जुन्या खुर्च्यांनी भरलेली आहे. ती रिकामी करून तेथे एक भक्कम टेबल, दोन मल्टिमीटर, डाग देण्याची इस्तरी आणि पान्हे-पकडी ठेवाव्यात. किल्ली विद्यार्थ्यांच्याच ताब्यात असावी. मल्टिमीटरचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. खुर्च्या हलविण्यास येत्या रविवारी सकाळी कोण कोण येणार, ती नावे चहापानाच्या वेळी चिटणिसांकडे द्यावीत.