नाव बदललं, कागद जपा

अर्जावर आपण लिहितो, मुक्काम बिडकीन, तालुका पैठण. पण आपला जिल्हा केवढा? तालुके नऊ. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला गोदामाई. पैठण ही सातवाहनांची राजधानी. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं. १९८१ साली जालना वेगळा झाला. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. या सगळ्यात टिकली ती आपली खूण, पैठणीच्या पदरावरचा मोर!

बायांनो, हद्दी बदलतात, नावं बदलतात. म्हणून जुन्या नावाचे सातबारे, फेरफार रद्दीत टाकू नका. बिडकीनच्या कितीतरी जमिनी उद्योगांसाठी गेल्या. जमिनीवर आपलं नाव लागलंय का, तेही तलाठ्याकडे जाऊन बघा.