चार वेळा सापडलेला धूमकेतू

समजा, तुमच्या सोसायटीत एकच माणूस दर तीन-सव्वातीन वर्षांनी येतो. दर वेळी वेगळ्या वेषात, वेगळ्या गेटने. आणि रजिस्टरमध्ये दर वेळी नोंद होते, 'नवीन पाहुणा'. हे आकाशात खरंच घडलंय. आजची गोष्ट एंकेच्या धूमकेतूची.

१७८६ चा जानेवारी. फ्रान्समध्ये पिएर मेशँ यांना एक अंधूक, धुरकट ठिपका दिसला. दोन-तीन दिवसांत तो गायब. १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये कॅरोलाइन हर्शेल यांना एक धूमकेतू सापडला. १८०५ मध्ये फ्रान्सच्या मार्सेत झाँ-लुई पोन्स यांना एक दिसला, आणि १८१८ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा त्यांनाच आणखी एक.

हे पोन्स कोण माहितीये? मार्सेच्या वेधशाळेत ते नोकरीला लागले ते दरवान म्हणून! शिक्षण जेमतेम. पण आकाश असं पाठ की आयुष्यात त्यांनी तीसहून जास्त धूमकेतू शोधले.

आता गंमत बघा. हे चारही धूमकेतू म्हणजे एकच धूमकेतू होता, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. का? कारण धूमकेतूला चेहरा नसतो. शेपूट कधी लांब, कधी नाहीच. त्याची ओळख एकच, ती म्हणजे त्याची वाट, त्याची कक्षा. आणि तेव्हा कक्षा काढताना सोपं पडतं म्हणून आधी धरून चालायचे की पाहुणा एकदाच येणार आणि कायमचा जाणार.

जर्मनीत गोथाजवळच्या वेधशाळेत योहान एंके नावाचे तरुण गणिती होते. त्यांनी १८१८ च्या धूमकेतूची गणितं मांडली, पण एकदाच येऊन जाणाऱ्याची वाट काही जुळेना. मग त्यांनी बंद, लंबवर्तुळाकार कक्षा घेऊन पाहिली. उत्तर आलं: सूर्याभोवतीची एक फेरी फक्त ३.३ वर्षांची! हॅलेच्या धूमकेतूला साधारण ७६ वर्षं लागतात, म्हणजे हे केवढं धक्कादायक असेल बघा. मग एंके हिशेब करत मागे गेले, आणि १८०५, १७९५, १७८६ सगळं जुळलं. त्या ३३ वर्षांत हा धूमकेतू सूर्यापाशी ११ वेळा आला होता. चारदा दिसला. बाकी सात वेळा कुणाला पत्ताच नाही.

एंके यांनी सांगितलं, मे १८२२ मध्ये तो पुन्हा सूर्याजवळ येईल. या खेपेला तो युरोपातून दिसण्यासारखा नव्हता. पण २ जून १८२२ ला ऑस्ट्रेलियात, पॅरामाटाच्या वेधशाळेतून कार्ल र्‍यूमकर यांनी त्याला टिपलं. अगदी सांगितलेल्या ठिकाणी! हॅलेनंतर, भाकीत करून परत सापडलेला हा दुसराच धूमकेतू. जगाने त्याला एंकेचं नाव दिलं. एंके स्वतः मात्र त्याला 'पोन्सचा धूमकेतू'च म्हणत राहिले.

पण एक खोच उरली. हा पठ्ठ्या दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर यायचा. एंके यांना वाटलं, अवकाशात काहीतरी विरळ द्रव्य आहे, ते त्याला अडवतं आणि त्यामुळे त्याची कक्षा आखडते. खरं कारण १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी मांडलं. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. ऊन लागलं की बर्फाची वाफ होऊन जोरात बाहेर पडते आणि गोळ्याला उलटा धक्का बसतो. दिवाळीतला बाण आठवा, तसंच.

आणि दिवाळीवरून आठवलं. या धूमकेतूने वाटेत सांडलेल्या धुळीचा संबंध ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वृषभ उल्कावर्षावाशी जोडतात. तासाला मोजक्याच उल्का दिसतात, पण संथ आणि कधी कधी चांगल्याच तेजस्वी. गावाला गेलात तर मध्यरात्रीच्या सुमारास गच्चीवर आडवे व्हा. कृत्तिकांचा पुंजका ओळखा, आणि मोबाइल खिशात ठेवा, डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात.

दिसलेलं लिहून ठेवा हं, तारीख आणि वेळेसकट. मेशँ, कॅरोलाइन आणि पोन्स यांनी नोंदी ठेवल्या नसत्या, तर एंके यांनी कशाशी काय जुळवलं असतं?

चला, भेटू पुढच्या भागात!