स्पोर्ट मोटारसायकल : निवड, सराव आणि सांभाळ

स्पोर्ट मोटारसायकल ही शर्यतीच्या ट्रॅकवरून रस्त्यावर आलेली गाडी आहे. तिचे हँडल खाली आणि पुढे असते, फुटरेस्ट उंच व मागे असतात, आणि पुढचा भाग फेअरिंगने झाकलेला असतो. त्यामुळे चालवणारा टाकीवर ओणवा बसतो. या बैठकीला कारण आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि महामार्गावरच्या वेगाला इंजिनची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते. अंग खाली घेतले की हा विरोध कमी होतो. शिवाय शरीराचे वजन पुढच्या चाकावर येते आणि वळणावर पुढचे टायर रस्ता घट्ट धरते.

रोजच्या गाडीपेक्षा ही गाडी किती वेगळी आहे, ते आकड्यांतून लगेच कळते. गावोगाव दिसणाऱ्या हीरो स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, ताकद सुमारे ८ अश्वशक्ती आणि वजन ११२ किलोच्या आसपास. यामाहा आर-१५ चे इंजिन १५५ सीसीचे, ताकद १८ अश्वशक्तीहून थोडी जास्त आणि वजन साधारण १४० किलो. केटीएम आरसी ३९० चे इंजिन ३७३ सीसीचे, ताकद ४३ अश्वशक्ती आणि वजन १७० किलोच्या पुढे-मागे. म्हणजे स्प्लेंडरवरून थेट आरसी ३९० वर बसणाऱ्याच्या हाती वजन दीडपट आणि ताकद पाचपट येते. दहा वर्षे गाडी चालवली आहे, एवढ्या भरवशावर हा फरक पेलत नाही.

या प्रकारच्या गाड्या भारतात रुळल्या त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. २००१ साली पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर बाजारात आणली आणि केवळ मायलेज विचारणारा ग्राहक ‘पिकअप’ही विचारू लागला. २००३ मध्ये हीरो होंडाची करिझ्मा आली. २००८ मध्ये यामाहाच्या आर-१५ ने पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर आणि खऱ्या शर्यतीच्या गाडीसारखी चेसी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणली. पुढे २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २०० आणि २०१४ मध्ये आरसी २०० व आरसी ३९० आल्या. ऑस्ट्रियाच्या या कंपनीच्या लहान गाड्या पुण्याजवळ चाकणला तयार होऊन जगभर गेल्या. इटलीच्या एप्रिलियाची आरएस ४५७ बारामतीच्या कारखान्यात तयार होते. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यावरून जाणारा महामार्ग उत्तरेला छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो. तिथल्या वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे.

पहिली स्पोर्ट बाइक १५० ते २०० सीसीच्या आतली असावी. या गाड्यांत खरे कौशल्य शिकायला पुरेशी ताकद असते आणि चूक झाली तर सावरायला वेळही मिळतो. निवडताना आधी उंची पाहावी. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच, तर आर-१५ ची ८१५ मिलिमीटर. गाडीवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीला टेकले पाहिजेत. सिग्नलला, चढावर किंवा गाडी मागे घेताना तोल याच चवड्यांवर राहतो. हँडल फार वळत नसल्याने अरुंद गल्लीत ही गाडी एका फेरीत माघारी फिरत नाही, हेही शोरूममधून बाहेर पडण्याआधी आजमावून पाहावे.

दुसरी बाब सर्व्हिसची. गावच्या मेस्त्रीकडे रोजच्या गाड्यांचे सुटे भाग आणि हातोटी दोन्ही असते. फ्युएल इंजेक्शन, एबीएस आणि रेडिएटर असलेल्या गाडीचा दोष शोधायला मात्र कंपनीचे निदान यंत्र लागते. म्हणून चौसाळ्यासारख्या गावात राहणाऱ्याने आपल्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर बीडला आहे की त्यासाठी संभाजीनगर किंवा सोलापूर गाठावे लागेल, याची चौकशी गाडी बुक करण्याआधीच करावी.

जुनी गाडी घ्यायची तर फेअरिंग काढून चेसी पाहावी. घासलेले हँडलचे टोक, वाकलेले लिव्हर, फोर्कमधून गळणारे तेल आणि हात सोडल्यावर एका बाजूला ओढणारी गाडी या पडझडीच्या खुणा आहेत. कागदोपत्री फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलून घ्यावे. कर्जावरची गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. नाव बदलण्यासाठी विकत घेणाऱ्याला कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.

परवान्याचे वय १८ वर्षे. आधी शिकाऊ परवाना निघतो, तो ६ महिने चालतो, आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. बीडच्या परिवहन कार्यालयाची ओळख एमएच २३ या क्रमांकाने होते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

हप्त्याचा हिशेब करताना शोरूमच्या किमतीवर थांबू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. विम्याचाही तोच पायंडा आहे. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा वार्षिक तृतीय पक्ष विमा १३६६ रुपये होता आणि ३५० सीसीच्या पुढच्या गाडीचा २८०४ रुपये. नव्या दुचाकीसाठी हा विमा एकदम ५ वर्षांचा घ्यावा लागतो. तृतीय पक्ष विमा दुसऱ्याचे नुकसान भरतो. आपल्या गाडीचे फुटलेले फेअरिंग भरून हवे असेल तर स्वतंत्र संरक्षण लागते. शिवाय रुंद टायर, चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक पॅड यांचा खर्च रोजच्या गाडीपेक्षा वरचढ असतो.

गाडीबरोबरच अंगावरच्या साधनांचे पैसे बाजूला काढावेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरचे ७४ हजार ८९७ होते. हेल्मेट न घातल्यामुळे मरण पावलेल्यांची नोंद ५० हजार २९ इतकी आहे. स्पोर्ट बाइकवर ओणवे बसल्याने पडताना हनुवटी आणि चेहरा पुढे येतो, म्हणून हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारेच हवे. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हे मानक असावे. १ जून २०२१ पासून हे मानक नसलेले हेल्मेट बनवता वा विकता येत नाही. पट्टा आवळल्यावर हेल्मेट मागून उचलून पाहावे. निघत असेल तर ते मोठे आहे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, कारण आतला थर्मोकोल दाबला गेला की तो पुढचा धक्का शोषत नाही.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथे जाळीच्या कापडाचे, कोपर, खांदा आणि पाठीला संरक्षक पॅड असलेले जॅकेट सोयीचे पडते. वारा आत येतो आणि पडल्यावर कातडी वाचते. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूटही तितकेच गरजेचे. चपलेवर गिअर टाकायची सवय या गाडीवर मोडावी लागते. गळ्यातला रुमाल, उपरणे किंवा मागे बसणाऱ्या बाईची ओढणी आणि साडीचा पदर चेनमध्ये जाणार नाही, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

खरे शिकणे इथून सुरू होते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ च्या त्या अहवालात दोन गोष्टी ठळक दिसल्या. अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आणि निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीवर ५ महिनेही झाले नव्हते. नव्या गाडीवरचे पहिले काही महिने म्हणूनच सर्वांत जोखमीचे असतात, आणि सरावाचा क्रम ठरवूनच ते पार करावे लागतात.

पहिला टप्पा मोकळ्या मैदानाचा. क्लच कुठे धरतो ते हाताला कळेपर्यंत पायी चालण्याच्या वेगाने गाडी चालवावी, मग इंग्रजी आठच्या आकारात फिरवावी. त्यानंतर ब्रेक. थांबताना वजन पुढच्या चाकावर जाते, त्यामुळे थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्याने न मारता आधी हलका आणि मग वाढत्या जोराने दाबायचा असतो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही. पण खडी, वाळू किंवा चिखलावर थांबण्याचे अंतर ते कमी करू शकत नाही.

वेग आणि अंतर यांचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला, तर ती साधारण २१ मीटरमध्ये थांबते. ताशी ८० ला तेच अंतर सुमारे ६३ मीटर होते. वेग दुप्पट, अंतर तिप्पट.

मग वळण. ताशी २५-३० च्या पुढे मोटारसायकल हँडल फिरवून वळत नाही, ती झुकून वळते. डावीकडे वळायचे तर डावे हँडल हलकेच पुढे दाबायचे, म्हणजे गाडी डावीकडे झुकते. सगळे चालक हे नकळत करतात. स्पोर्ट बाइकवर ते समजून करावे लागते. वेग वळणाआधी कमी करावा, नजर वळण जिथे संपते तिथे ठेवावी आणि गाडी सरळ होऊ लागली की रेस वाढवावी. वळणाच्या मध्यावर घाबरून पुढचा ब्रेक दाबणे हे घसरण्याचे नेहमीचे कारण आहे.

चौसाळ्याहून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२, आता चौपदरी आहे. रस्ता गुळगुळीत म्हणून वेगाचा मोह होतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे. दुभाजकाच्या कटमधून अचानक आडवी येणारी गाडी, जवळच्या पंपापर्यंत उलट्या बाजूने येणारा मोटारसायकलवाला आणि रस्ता ओलांडणारी जनावरे हे इथले रोजचे धोके. ऊसतोडीच्या हंगामात त्यांत मागे दिवे नसलेल्या ट्रॉल्यांची भर पडते. रात्री त्या फार जवळ गेल्यावरच दिसतात. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो आणि त्यावर रुंद टायरही टिकाव धरत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, म्हणून त्या दिवशी वेग निम्म्यावर आणावा. ट्रक ओलांडताना त्याच्या पुढे निघताच आडवा वारा लागतो; हँडल घट्ट न आवळता गुडघ्यांनी टाकी धरली की गाडी स्थिर राहते. बीडच्या वाटेवरचा मांजरसुंब्याचा घाट महामार्गाचा सराव झाल्यावर आणि दिवसाउजेडी करावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत, हेही लांबच्या प्रवासाची आखणी करताना लक्षात ठेवावे.

सांभाळ नियमित हवा. नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर इंजिन फार ताणू नये आणि पहिली सर्व्हिस मुदतीत करावी. टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे भरावी. टायरच्या कडेवरचे चार अंक त्याचा जन्म सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चेन साधारण ५०० किलोमीटरला पुसून वंगण लावावे; धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच. कूलंट इंजिन गार असतानाच तपासावे, तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणे हा गाडीतला बेकायदा फेरबदल ठरतो. त्यासाठी मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

वेगाची हौस भागवण्याची जागा ट्रॅक ही आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट हे देशातले प्रमुख ट्रॅक. बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची शर्यत झाली. ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही, पडल्यावर घसरत जायला मोकळी जागा असते आणि शिकवणारेही असतात. रस्त्यावर शर्यत लावणे मात्र गुन्हा आहे, आणि शर्यतीत झालेले नुकसान नेहमीच्या विम्यात बसत नाही.

मोठ्या गाडीकडे कधी वळावे, याचे उत्तर किलोमीटरमध्ये देता येत नाही. उन्हाळा, पावसाळा आणि ऊसतोडीचा हंगाम असे पूर्ण वर्ष लहान गाडीवर गेले असेल, अचानक ब्रेक मारताना गाडी सरळ रेषेत थांबत असेल आणि वळणावर वेग आधीच कमी करण्याची सवय अंगवळणी पडली असेल, तर चालक पुढच्या गाडीला तयार झाला असे समजावे.