उंदराचा तळवा आणि कुष्ठरोगाची गोळी

औषधांच्या इतिहासात प्राण्यांचा वाटा किती, हा विषय निघाला की इन्शुलिनसाठी वापरलेले कुत्रे आणि पेनिसिलिनचे उंदीर हमखास पुढे येतात. मला आज कुष्ठरोगाबद्दल बोलायचं आहे. इथे प्रयोगाला प्राणी मिळतच नव्हता, आणि तो न मिळण्याची किंमत माणसांना मोजावी लागली.

नॉर्वेतल्या बर्गेन शहरात डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू पाहिला. पण पाहणं वेगळं आणि रोग त्यानेच होतो हे सिद्ध करणं वेगळं. जंतू काचपात्रात वाढेना, प्राण्यांना टोचला तरी त्यांना रोग होईना. हॅन्सन यांचे सासरे डॉ. डॅनिएलसन यांनी तर त्याआधीच रोग्याच्या गाठीतला अंश स्वतःला टोचून घेतला होता. काही झालं नाही. १८७९ मध्ये हॅन्सन यांनी रुग्णालयातल्या एका रोगी बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रोग्याचा अंश टोचला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८० मध्ये त्यांची रुग्णालयातली जागा गेली. शोध मोठा म्हणून हा भाग झाकून ठेवावा, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचं शिक्षण घेत असताना जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी आपलं शरीर देऊ केलं, हे त्यांच्याविषयीच्या लेखांतून आपण वाचलं असेल. तिथे निदान स्वतःची संमती होती!

कोंडी फुटली १९६० मध्ये. अमेरिकेतल्या डॉ. शेपर्ड यांनी उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात काही हजार जंतू टोचले. तळवाच का? कारण हा जंतू थंड जागा पसंत करतो. माणसातही नाक, कानाची पाळी, हातपाय इथेच त्याचा मुक्काम जास्त. तळव्यात जंतू वाढले, पण किती सावकाश! एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस. एका प्रयोगाला सहा-आठ महिने सहज जात.

एवढ्या चिकाटीचा उपयोग काय झाला? तोपर्यंत डॅप्सोन ही एकच गोळी रोगी वर्षानुवर्षं घेत असत. काहींचा रोग पुन्हा उसळे. गोळ्या चुकवल्या असतील, असं म्हणून रोग्याला दोष देणं सोपं होतं. १९६४ मध्ये पेटिट आणि रीस यांनी मलेशियातल्या अशा रोग्यांचे जंतू उंदरांना टोचले आणि उंदरांच्या खाद्यात डॅप्सोन मिसळलं. जंतू तरीही वाढले. म्हणजे गोळीच निष्प्रभ झाली होती. त्या मुक्या प्राण्याने रोग्यांची बाजू मांडली, असं म्हटलं तर चालेल.

रिफॅम्पिसिन या जंतूला किती झपाट्याने मारतं, तेही या तळव्यातच कळलं. क्लोफाझिमिनची कथा गमतीची आहे. डब्लिनमध्ये ते क्षयासाठी तयार झालं. उंदरांत गुण आला, गिनीपिगमध्ये नाही, आणि ते मागे पडलं. पुढे कुष्ठरोगात ते कामी आलं. कोणता प्राणी निवडला यावर औषधाचं नशीब ठरतं ते असं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी या दोन्ही औषधांना डॅप्सोनची जोड देऊन बहुविध उपचारपद्धती सुचवली. सहा महिने ते दोन वर्षं गोळ्या, आणि उपचार संपले. आयुष्यभराची शिक्षा संपली.

मध्यंतरी १९७१ मध्ये कर्कहायमर आणि स्टॉर्स यांनी आणखी एक प्राणी शोधला होता, आर्माडिलो. अंगावर चिलखत, आपल्या खवल्या मांजराची आठवण व्हावी असा. त्याच्या शरीराचं तापमानच मुळात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, त्यामुळे जंतू त्याच्या यकृतात, प्लीहेत मुबलक वाढतात. संशोधकांना जंतूंचा साठा मिळाला. मग लक्षात आलं, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रानटी आर्माडिलोंना हा रोग मुळातच होतो, आणि २०११ मध्ये तिथल्या काही रोग्यांत नेमका त्याच जातीचा जंतू सापडला.

काचपात्रात हा जंतू आजही वाढत नाही. एखाद्या रोग्याचे जंतू जिवंत आहेत का, औषधाला दाद देतात का, हे प्रत्यक्ष वाढवून पाहायचं, तर उंदराचा तळवा आणि कित्येक महिन्यांची वाट.