फोन भावाचा, बोजा सातबाऱ्यावर
(वरवे बुद्रुक, ता. भोर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून इतक्या लांब, या भाताच्या मुलखात आलात. तुमचं-आमचं पीक वेगळं, पण रस्ता एकच. हा बाहेर आवाज येतोय ना, तो पुणे-सातारा रस्त्याचा. पूर्वी याला चार नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा नंबर ४८ झाला आहे. सकाळी मी त्याच्या कडेला थोडा वेळ उभा राहिलो. मोटारसायकलवाले खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून, मान वाकडी करून चाललेले. ट्रॅक्टरवाल्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा कानाला. त्यात आपलीच माणसं जास्त.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. दोन वर्षांमागं कापसाची गाडी पुढं पाठवली होती आणि मी मागून मोटारसायकलवर होतो. फोन वाजला. मला वाटलं, भाव निघाला. चालत्या गाडीवर फोन काढला. मान वर केली तेव्हा पुढं बैलगाडी होती, हाताच्या अंतरावर. रस्त्याच्या खाली उतरलो म्हणून वाचलो. आणि फोन भावाचा नव्हताच, कसल्याशा जाहिरातीचा होता!

आपल्याला उत्पादन खर्च काढायची सवय आहे. तर या एका फोनचा खर्च काढू या.

ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या पुढं जाते. फोनवर कुणाचं नाव आलंय हे बघायला तीन सेकंद लागले तर ५० मीटर गाडी आंधळी चालली. डोळ्याला फडकं बांधून ५० मीटर गाडी चालव म्हटलं तर कुणी चालवील का? जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो. कानात बोंडूक घातलं म्हणून तो फारसा कमी होत नाही, कारण हात मोकळा झाला तरी डोकं बाजारात गेलेलं असतं.

आता कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. आपल्या देशात मोबाइल आला १९९५ साली. म्हणजे कायदा झाला तेव्हा हे यंत्रच नव्हतं. पुढं बरीच वर्षं धोकादायक वाहन चालवण्याच्या जुन्या कलमावर आणि नियमांवर काम भागवलं. २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १८४ मध्ये हातात धरून फोन वापरणं स्पष्ट घातलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दहा हजार रुपये, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. रस्ता शोधायला नकाशा लावण्याची मुभा ऑक्टोबर २०२० पासून आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं.

कुणी म्हणेल, हा कायदा मोटारवाल्यांसाठी. नाही. ट्रॅक्टर कायद्यानं मोटार वाहनच आहे. बैलगाडी नाही. बैलाला तेवढं कळतं, त्याच्या मालकाला फोन आला तरी तो वाट सोडत नाही.

आणि खरा खर्च दंडाचा नाहीच. दंड एका क्विंटलात फिटेल. खरा खर्च परवान्याचा आहे. कलम १८४ चा गुन्हा झाला असं पोलिसाला वाटलं तर त्यानं परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडं पाठवायचा, असं कलम २०६ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की, फोन वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. परवाना घेताना पोलीस पोच देतो. पण नीट ऐका, ती पोच म्हणजे गाडी चालवायची परवानगी नव्हे.

समजा, परवाना निलंबित झालेला तुमचा पोरगा वेचणीच्या घाईत ट्रॅक्टर घेऊन निघाला आणि त्याच्या हातून कुणी दगावलं. नुकसानभरपाईचा दावा न्यायाधिकरणात जातो. चालकाला परवाना नव्हता, हा बचाव विमा कंपनीला कायद्यानं मिळतो. पुष्कळदा न्यायालय कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मोकळीक देतं. मालक कोण? तुम्ही. हप्ता भरूनही लाखांची वसुली दारात! शिवाय निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत झाली आहे. आणि जो मेला तोही बहुधा आपल्यासारखाच कुणाचा तरी कर्ता माणूस.

हे झालं आपलं कर्तव्य. पण कायदा आपल्यालाच बांधतो असं नाही, सरकारलाही बांधतो. कॅमेऱ्यानं गुन्हा टिपला तर नोटीस १५ दिवसांत पाठवली पाहिजे. तिच्याबरोबर गाडीचा नंबर दिसेल असा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ आणि जागा पाहिजे. कॅमेऱ्याच्या टापूत शिरण्याआधी तसा फलक लावलेला पाहिजे. परवाना निलंबित करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. चूक नसेल तर चिरीमिरी देऊन सुटू नका, लेखी हरकत घ्या. चूक असेल तर पावती घेऊन दंड भरा. चिरीमिरी देणारा माणूस कायदा मोडतो आणि आपला हक्कही विकतो.

देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. फोनमुळं झालेल्या अपघातांतले मृत्यू त्यात ३,३९५ नोंदले आहेत. ही फक्त नोंदलेली संख्या. मेलेल्याच्या हातात फोन होता की नव्हता, हे पंचनाम्यात दर वेळी येतंच असं नाही.

मग करायचं काय? सगळं पोलिसावर सोडून चालणार नाही. अर्धा दोष फोन उचलणाऱ्याचा, तर अर्धा फोन करणाऱ्याचा आहे. म्हणून मायबहिणींना माझं विशेष सांगणं आहे. घरचा माणूस बाजाराला निघाला की फोन करू नका. केलाच तर पहिला शब्द "गाडीवर आहात का?" हा असू द्या. हो म्हणाला की ठेवून द्या. कापसाचा भाव पाच मिनिटांत पळून जात नाही. गाडी बाजूला घ्या, उतरा, मग बोला. ट्रॅक्टरवर पोरगं बसवताना किल्ली त्याच्या हातात द्या आणि फोन आपल्या खिशात ठेवा.

भाव मिळावा म्हणून आपण वर्षभर राबतो. तो भाव घरी आणायला माणूस जिवंत पाहिजे. गावोगावच्या बैठकीत एवढी एक गोष्ट सांगा आणि ती आपल्या घरापासून सुरू करा. आज इथून परत जाताना, याच रस्त्यावर.