दोन खरे भाऊ

बँक घ्या, शेअर बाजार घ्या. मोठी यंत्रणा एका ठिकाणी चालू असते आणि तिची जुळी बहीण दुसऱ्या गावी तयार ठेवलेली असते. पहिली कोसळली की सगळी वाहतूक दुसरीकडे वळवायची, याला फेलओव्हर म्हणतात. हे वळवणं माणसाच्या हातून काढून यंत्राकडे सोपवावं, असा आग्रह असतो आणि यंत्राला ते जमतंही. मला पडणारा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पहिली मेली, हे ठरवायचं कुणी आणि कशावरून?

राऊटरांमध्ये व्हीआरआरपी नावाची पद्धत आहे. मुख्य राऊटर साधारणपणे दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप धाडतो. राखीव राऊटर कान देऊन बसलेला असतो. तीन सेकंदांहून किंचित अधिक काळ निरोप आला नाही, की तो मुख्याचा पत्ता आपल्या नावावर करून घेतो. दोघं एकाच खोलीत असतील तर हे झकास चालतं. दोन शहरांत असतील, तर निरोप न येण्याचे अर्थ दोन होतात. मालक गेला असेल, नाहीतर मधली तार तुटली असेल. ऐकणाऱ्याला दोन्ही वेळी शांतताच ऐकू येते.

आपल्याला हे नवं नाही. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधी मानलं नाही. पुढे स्वतःला भाऊ म्हणवणारा उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. तिथं निदान एक तोतया होता. संगणकाच्या जाळ्यात दोघंही भाऊ खरे असतात, म्हणून पंचाईत जास्त. दोघंही स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. त्यावरचा एक जुना उपाय मोठा निर्दय आहे. नव्याला गादीवर बसवण्याआधी जुन्याची वीज तोडायची, म्हणजे तो जिवंत असण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरा उपाय कोरमचा. तीन किंवा पाच ठिकाणी साक्षीदार बसवायचे आणि बहुमत म्हणेल ते खरं धरायचं.

आता हे बहुमत कसं फसतं ते पाहा. गिटहब या कंपनीकडे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ला, आपल्याकडे २२ तारखेची पहाट होती, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं एक बिघडलेलं ऑप्टिकल उपकरण बदलायचं काम चालू होतं. त्यात मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला. किती वेळ? ४३ सेकंद. तेवढ्यात डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरच्या उरलेल्या साक्षीदारांनी बहुमत केलं आणि लिहिण्याचा अधिकार पश्चिम किनाऱ्याकडे दिला. नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. पण तार तुटण्याआधीच्या काही सेकंदांत पूर्वेकडे झालेल्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि आता पश्चिमेकडे नव्या नोंदी पडू लागल्या. दोन वह्या झाल्या, आणि दोन्हींत असं काही जे दुसरीत नाही. एका गजबजलेल्या डेटाबेसमध्ये अशा अडकलेल्या नोंदी ९५४ होत्या. आकडा एवढासा; पण त्या गिऱ्हाइकांच्या होत्या. कंपनीनं ठरवलं, साइट रखडली तरी चालेल, नोंदी हरवता कामा नयेत. बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभे करत सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंद कुणी काहीच केलं नसतं तर? नंतर त्यांनी ऑर्केस्ट्रेटरला एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर मुख्य डेटाबेस हलवायला मनाई केली. यंत्राचे हात त्यांनी स्वतःच बांधले, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

याचं उलट टोक मुंबईत दिसलं. २४ फेब्रुवारी २०२१ला राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दूरसंचार जोडण्या डळमळल्या, त्या धक्क्यात जोखीम-नियंत्रणाची व्यवस्था बंद पडली आणि पावणेबाराच्या आत व्यवहार थांबले. चेन्नईला राखीव केंद्र होतं. तिकडे जाणं झालं नाही. बाजार उघडला पावणेचारला, म्हणजे एरवीची बंद व्हायची वेळ टळून गेल्यावर, आणि पाचपर्यंत चालला. इथं यंत्रानं घाई केली नाही, माणसांनी निर्णय घेतला नाही. त्यानंतर महिन्याभरात सेबीनं, म्हणजे बाजाराच्या नियामकानं, जो नियम केला, तो मला तांत्रिक परिपत्रकापेक्षा मानसशास्त्राचा वाटतो. महत्त्वाची यंत्रणा बिघडली तर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करायचं. त्यातली ४५ मिनिटं यंत्रांसाठी आहेत. आधीची ३० मिनिटं आहेत ती ‘आणखी थोडं थांबू, होईल सुरू’ असं म्हणणाऱ्या माणसासाठी.

मग राखीव केंद्रावर जाण्याचा सराव आला. २ मार्च २०२४, शनिवार. सकाळी सव्वानऊ ते दहा बाजार मुख्य केंद्रावरून चालला, साडेअकरा ते साडेबारा राखीव केंद्रावरून. खरे सौदे, खरा पैसा. व्यवस्थित पार पडलं. मात्र त्या दिवशी मुख्य केंद्र मेलं की नाही, हे कुणाला ठरवावं लागलं नाही. ते आधीच वेळापत्रकात छापलेलं होतं.