दिवसा बाटली, चारचौघांत पदर

२००३ सालची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या एका एचआयव्हीबाधित बाळंतिणीला दवाखान्यात सांगितलं, 'अंगावर पाजू नकोस.' आमच्यात दुधाच्या नात्याला मोठा मान, दूधभावंडांत लग्नसुद्धा होत नाही. आई असताना बाटली का, हे सासू विचारणारच. म्हणून ती एरवी बाटली देई आणि बायका जमल्या की बाळाला पदराखाली घेई. हे तिनं पुढं माझ्या बायकोला सांगितलं.

आईच्या दुधातून हा विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, हे खरंच. पण १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिले तीन महिने निव्वळ आईच्या दुधावर राहिलेल्या बाळांपेक्षा, त्याच्या जोडीला पाणी किंवा वरचं दूध मिळालेल्या बाळांत लागण अधिक दिसली. वरच्या अन्नानं आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं, असं त्याचं कारण सांगतात. म्हणजे आपला मध आणि बाळगुटीही आलीच! आता आजीचा हात धरणार कोण?

नुसती बाटलीही निर्धोक नाही. बोट्सवानात २००६ साली अतिवृष्टीनंतर जुलाबांची साथ आली, तेव्हा अंगावर न पिणारी बाळंच जास्त सापडली.

आता आईनं रोज औषधं घ्यायची, बाळालाही ठराविक आठवडे द्यायची आणि सहा महिने फक्त अंगावर पाजायचं, असा सल्ला आपल्याकडे देतात. धोका फार कमी होतो, अगदी शून्य नाही. एआरटी केंद्रात औषधं मोफत मिळतात.

त्या बाईचा मुलगा आज गोळ्या घेत नोकरी करतो. डर्बनचं तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, "भाईजान, हे चार वर्षं आधीच माहीत होतं?"